आधी आकाशातून पाहा, मग बाटली भरा

वाशिम जिल्ह्यातला रिसोड तालुका संपतो तिथून बुलढाणा जिल्ह्यातला लोणार तालुका सुरू होतो. उल्कापाताने तयार झालेले तिथले खारे सरोवर जगभर ओळखले जाते. २०२० च्या जूनमध्ये या सरोवराचे एरवी हिरवट दिसणारे पाणी अचानक गुलाबी झाले आणि तर्कांना ऊत आला. कुणी शेवाळाचे नाव घेतले, कुणी प्रदूषणाचे. त्याच सुमारास नासाने लँडसॅट-८ या उपग्रहाने टिपलेली दोन छायाचित्रे प्रसिद्ध केली. २५ मेच्या चित्रात पाणी हिरवे होते, १० जूनच्या चित्रात गुलाबी. बदल या सोळा दिवसांच्या आतला आहे आणि तो काठाच्या एखाद्या कोपऱ्यापुरता नाही, एवढे त्या दोन चित्रांनी पक्के केले. तो का झाला हे मात्र सातशे किलोमीटर उंचीवरून कळणे शक्य नव्हते. त्यासाठी कुणीतरी काठावर उतरून पाण्याचे नमुने भरावे लागले. लोणारच्या संवर्धनाची जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे आधीपासून चालू होती, त्यामुळे हा विषय तिथेही पोचला. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले आणि खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांच्या रंगद्रव्यामुळे पाण्याला हा रंग आल्याचे सांगितले.

उपग्रहाचे काम कुठे संपते आणि प्रयोगशाळेचे कुठे सुरू होते, याची हद्द लोणारने स्पष्ट दाखवली. कधी बदलले, कुठे बदलले, किती पसरले, ही उत्तरे वरून मिळतात. काय मिसळले आणि ते पिण्याला चालेल का, ही उत्तरे बाटलीत भरलेल्या नमुन्यातूनच मिळतात. हवा आणि पाण्याच्या प्रदूषणावर उपग्रहांनी नजर ठेवण्याबद्दल दोन टोकांची मते ऐकू येतात. काहींना वाटते, आता यंत्रे आणि नमुने यांची गरजच उरली नाही. काहींना वाटते, ही शास्त्रज्ञांची हौस आहे आणि गावाला तिचा उपयोग शून्य. दोन्ही मते चुकीची आहेत. वाशिमसारख्या जिल्ह्यात, जिथे मोजणारी माणसे थोडी आणि मोजायचा मुलूख मोठा, तिथे मोजायला कुठे आणि केव्हा जायचे हे ठरवण्याचे काम उपग्रहाकडे द्यायला हवे, आणि त्याने दाखवलेल्या जागी माणसाने जाणे हे प्रशासनाचे बंधनकारक काम व्हायला हवे. हा लेख त्या मागणीसाठी आहे.

पहिला आक्षेप अगदी साधा आहे. वाशिममध्ये प्रदूषण आहेच कुठे? १९९८ मध्ये अकोल्यातून वेगळा झालेला हा सहा तालुक्यांचा जिल्हा मुख्यतः शेतीचा आहे, सोयाबीन-तुरीचा आहे. चंद्रपूरसारखे महाऔष्णिक केंद्र इथे नाही, मोठी रसायन वसाहत नाही. पण कारखाने नाहीत म्हणजे हवा स्वच्छ, हे गृहीत धरलेले आहे, मोजलेले नाही. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात विदर्भातून अकोला, अमरावती, नागपूर आणि चंद्रपूर ही शहरे घेतली गेली, कारण तिथे आधीपासून मोजमाप होते आणि ते मर्यादेबाहेर गेले होते. जिथे मोजमापच नव्हते, ती गावे यादीत येण्याचा प्रश्नच नव्हता. वाऱ्याला जिल्ह्याची हद्द माहीत नसते. अकोला जिल्ह्यातल्या पारसला २५० मेगावॉटचे दोन संच चालतात आणि वारा फिरला की त्यांच्या धुरातले वायू व बारीक कण कुठल्याही दिशेला जाऊ शकतात. जिल्ह्याच्या आतही वीटभट्ट्या आहेत, गिट्टीचे क्रशर आहेत, रस्त्यांची धूळ आहे, काढणीनंतर थ्रेशरभोवती उडणारे कुटार आहे, उन्हाळ्यात पेटवले जाणारे धुरे आहेत आणि घराघरांतल्या चुली आहेत. मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा या तालुक्यांतून आता समृद्धी महामार्गाची वाहतूक जाते. यातल्या प्रत्येकाचा वाटा किती, हे माहीत असल्याशिवाय उपाय कशावर करायचा?

हवा वरून मोजतात कशी, हे समजून घेतले की तिच्यावर किती विश्वास टाकायचा हेही कळते. युरोपीय अवकाश संस्थेने १३ ऑक्टोबर २०१७ रोजी सोडलेल्या सेंटिनेल-५पी या उपग्रहावर ट्रोपोमी नावाचे उपकरण आहे. सूर्याचा प्रकाश वातावरणातून खाली येतो, जमिनीवर आपटून परत वर जातो आणि या उपकरणात शिरतो. वाटेत प्रत्येक वायू त्या प्रकाशातले ठराविक रंग ठराविक प्रमाणात शोषून घेतो. पेट्रोल, डिझेल किंवा कोळसा जळला की तयार होणारा नायट्रोजन डायऑक्साइड निळ्या प्रकाशात आपल्या खुणा ठेवतो, गंधक जळून होणारा सल्फर डायऑक्साइड अतिनील प्रकाशात. आलेला प्रकाश शेकडो बारीक छटांत विभागून, कुठली छटा किती कमी झाली हे पाहून, त्या जागेच्या वरच्या सबंध हवेच्या स्तंभात तो वायू किती आहे याचे गणित मांडले जाते. ट्रोपोमीचा एक चौकोन साधारण साडेपाच किलोमीटर लांब आणि साडेतीन किलोमीटर रुंद असतो, म्हणजे सुमारे १९ चौरस किलोमीटरचा. त्यात दोन-चार गावांची शिवारे मावतात. सुमारे ५ हजार चौरस किलोमीटरच्या वाशिम जिल्ह्यावर असे अडीचशेच्या घरात चौकोन पडतात आणि ढग नसतील तर रोज दुपारी दीडच्या सुमारास प्रत्येकाची नोंद होते. इतकी केंद्रे जमिनीवर उभारायची म्हटली तर ते कुठल्याही जिल्ह्याच्या आवाक्यातले नाही.

या आकड्यांचा अर्थ लावताना मात्र घाई चालत नाही. उपग्रह मोजतो तो जमिनीपासून आकाशापर्यंतच्या स्तंभातला वायू. आपण श्वास घेतो तो तळाच्या दोन मीटरांतला. हिवाळ्यात पहाटे थंड हवा जमिनीलगत बसते आणि चुलींचा, शेकोट्यांचा धूर तिच्यात कोंडतो. दुपारी दीडला ऊन तापल्यावर हवा वरखाली मिसळलेली असते, म्हणून दिवसातली सर्वांत वाईट वेळ उपग्रहाच्या नजरेतून निसटते. वाशिमसारख्या कमी वाहनांच्या भागात वायूचा संकेतही क्षीण असतो. एका दिवसाच्या आकड्यावरून तिथे काहीच ठरवता येत नाही, महिन्याची किंवा हंगामाची सरासरी काढावी लागते. फुप्फुसात खोल उतरणाऱ्या पीएम २.५ या बारीक कणांचे तर थेट मोजमापही होत नाही. धुळी-धुरामुळे सूर्यप्रकाश किती मंदावला हे नासाच्या टेरा आणि ॲक्वा उपग्रहांवरचे मोडिस हे उपकरण पाहते, आणि त्या मंदपणाला हवामान व जमिनीवरच्या केंद्रांच्या आकड्यांची जोड देऊन जमिनीलगतच्या कणांचा अंदाज बांधला जातो. दिल्लीच्या आयआयटीने याच पद्धतीने देशभराचा एक किलोमीटरच्या चौकोनांचा ‘सांस’ नावाचा माहितीसंच तयार केला आहे. देशाची पीएम २.५ ची वार्षिक मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे, तर जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये आपली शिफारस ५ वर आणली. आपला तालुका या दोन आकड्यांच्या मध्ये कुठे बसतो, याचा काहीएक अंदाज आज उपग्रहामुळेच करता येतो.

अंदाज म्हटले की तो टाकाऊ, असे मानण्याचे कारण नाही. खरीप हंगामात आधी नजरअंदाज पैसेवारी जाहीर होते, मग सुधारित येते आणि पीककापणी प्रयोग झाल्यावर अंतिम. नजरअंदाजावरून कुणी दुष्काळ जाहीर करत नाही, पण ५० पैशांच्या आत कुठली गावे येऊ शकतात याकडे लक्ष मात्र तिथूनच लागते. उपग्रहाने दिलेला प्रदूषणाचा आकडा या नजरअंदाज पैसेवारीच्या जागी आहे आणि नमुन्याची तपासणी पीककापणीच्या जागी. एकीवाचून दुसरी अपुरी राहते. पीकविम्यात तर शासनाने एक पाऊल पुढे टाकले आहे. सोयाबीनसारख्या पिकाचे उत्पादन ठरवताना उपग्रहावर आधारलेल्या अंदाजाला किमान ३० टक्के भार देण्याची पद्धत आता आली आहे. वाशिमच्या शेतकऱ्याला नुकसानभरपाई किती मिळणार, हे ज्या नजरेवर अंशतः ठरते, ती नजर त्याच शेतकऱ्याच्या पिण्याच्या पाण्याकडे वळवायला अडचण काय, या प्रश्नाला प्रशासनाकडे पटण्यासारखे उत्तर असू शकत नाही.

उपग्रहाच्या नजरेची एक मोठी ताकद अशी, की ती कारखान्याच्या किंवा सरकारच्या सांगण्यावर अवलंबून नसते. नासाच्या ऑरा उपग्रहावरचे ओमी हे उपकरण २००४ पासून सल्फर डायऑक्साइडची नोंद ठेवत आले. त्याच्या आधारे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले, की चीनचे उत्सर्जन झपाट्याने खाली येत असताना भारताचे वाढत आहे आणि भारत पहिल्या क्रमांकाकडे निघाला आहे. आपल्या औष्णिक केंद्रांसाठी गंधकाच्या मर्यादा डिसेंबर २०१५ मध्येच ठरल्या होत्या. त्या पाळण्याची मुदत मात्र पुन्हा पुन्हा वाढत गेली आणि जुलै २०२५ मध्ये बहुतेक केंद्रांना धुरातला गंधक काढणारी यंत्रणा बसवण्यातून सूट मिळाली. या निर्णयाच्या बाजूने आणि विरोधात काय म्हणायचे ते म्हणता येईल. पण यापुढे विदर्भाच्या आकाशात गंधक किती राहील, हे सांगणारी एक नोंद कुणाच्याही परवानगीशिवाय रोज होत राहणार आहे आणि ती विनामूल्य उपलब्ध असणार आहे. सामान्य नागरिकाच्या हाती यापूर्वी असे साधन कधी नव्हते.

पाण्याकडे वळले, तर उपग्रहाचा उपयोग अधिक जवळचा आणि त्याच्या मर्यादाही अधिक कडक आहेत. स्वच्छ पाणी लाल आणि त्यापुढचा अवरक्त प्रकाश गिळून टाकते, म्हणून चित्रात ते काळेभोर दिसते. काळ्या मातीचा गाळ मिसळला की तेच पाणी लाल प्रकाश परत फेकू लागते, आणि गाळ जितका जास्त तितकी ही परतफेड जास्त. शेवाळ वाढले की त्यातले हरितद्रव्य ६६५ नॅनोमीटरच्या आसपासचा लाल प्रकाश शोषते आणि ७०५ नॅनोमीटरजवळचा परत पाठवते. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांवर नेमक्या याच दोन जागा पाहणारे पट्टे आहेत. दोन्ही पट्ट्यांतल्या परत आलेल्या प्रकाशाची तुलना केली, की तलावाच्या कुठल्या भागात शेवाळ माजते आहे ते आकड्यात सांगता येते. या उपग्रहांचा चौकोन बहुतेक कामांसाठी १० मीटरचा आणि शेवाळाच्या या खुणेसाठी २० मीटरचा आहे, आणि सुमारे पाच दिवसांनी तीच जागा पुन्हा दिसते. शेवाळ माजण्यामागे बहुधा सांडपाणी आणि शेतातून वाहून आलेली खते असतात. नत्र आणि स्फुरद डोळ्यांना दिसत नाहीत, पण त्यांच्यावर पोसलेले शेवाळ दिसते. जलपर्णी पसरली असेल तर ती ओळखणे याहून सोपे, कारण पाण्यावर हिरव्या पिकासारखा प्रकाश उमटतो.

वाशिम शहराला पाणी पुरवणारा एकबुर्जी प्रकल्प किंवा कारंजाकडचा अडाण यांसारखे जलाशय अशा तपासणीला पुरेसे मोठे आहेत. शिवाय उपग्रहांजवळ अशी एक गोष्ट आहे जी आज आणलेले कुठलेही यंत्र देऊ शकत नाही. ती म्हणजे मागची नोंद. लँडसॅट मालिकेची ३० मीटरच्या चौकोनाची चित्रे १९८० च्या दशकापासूनची आहेत आणि २००८ पासून ती सर्वांना फुकट मिळतात. एखाद्या तलावात गाळ कधी वाढू लागला, काठावरची झाडी तुटल्यानंतर की वरच्या अंगाला खोदकाम सुरू झाल्यानंतर, हे चाळीस वर्षे मागे जाऊन तपासता येते. २०२० च्या टाळेबंदीत केरळच्या वेंबनाड सरोवरावर असाच अभ्यास झाला. लँडसॅट-८ च्या चित्रांवरून संशोधकांनी दाखवले, की पाण्यात तरंगणाऱ्या कणांचे प्रमाण त्या काळात सरासरी १५.९ टक्क्यांनी घटले होते. समृद्धी महामार्गाचा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला. ट्रोपोमीच्या नोंदी त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या अशा दोन्ही वर्षांच्या आहेत. महामार्गाने हवेत काय फरक पडला हा प्रश्न उद्या उपस्थित झाला, तर ‘आधीची मोजणीच नाही’ ही सबब चालणार नाही.

आता सर्वांत वजनदार आक्षेप. वाशिमच्या पाण्यातला खरा धोका उपग्रहाला दिसतच नाही, असे भूजलाचा अभ्यासक म्हणेल, आणि ते खरे आहे. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या गुणवत्ता अहवालात नायट्रेटचे प्रमाण जास्त आढळलेल्या जिल्ह्यांत वाशिमचे शेजारी बुलढाणा, अमरावती आणि यवतमाळ आहेत. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या आत असावे असे भारतीय मानक सांगते, कारण त्याहून जास्त झाले की तान्ह्या बाळांच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद कमी होऊ शकते. हे नायट्रेट विहिरीत आणि हातपंपात असते, रंगहीन आणि चवहीन. कीटकनाशकांचे अंश, फ्लोराइड, हगवणीचे जंतू यांपैकी काहीच अवकाशातून दिसत नाही. पैनगंगा आणि तिच्या उपनद्या बहुतेक ठिकाणी इतक्या अरुंद आहेत, की १० मीटरच्या चौकोनात पाणी, वाळू आणि काठावरचे गवत एकत्र येते आणि आकडा बिघडतो. नदीचे पात्र निदान तीस मीटर रुंद आणि भरलेले असल्याशिवाय तिथे हे गणित भरवशाचे नाही. त्यावर पावसाळ्यात ढग. जून ते सप्टेंबर, ज्या महिन्यांत गॅस्ट्रो आणि काविळीच्या साथी येतात, नेमक्या त्याच महिन्यांत प्रकाशावर चालणारे उपग्रह जवळजवळ आंधळे होतात.

हे सगळे मान्य केले तरी त्यातून निघणारा निष्कर्ष उपग्रह नको असा होत नाही. जिल्ह्यातल्या प्रत्येक विहिरीचे आणि तलावाचे पाणी वारंवार तपासण्याइतके मनुष्यबळ कुठल्याही जिल्ह्याकडे नसते. जे थोडे आहे ते सर्वत्र सारखे वाटून टाकले, तर धोक्याच्या गावालाही वर्षातून एखाददुसराच नमुना मिळतो. तलावांवर आणि जलाशयांवर उपग्रह पाळत ठेवणार असेल, तर तिथली नियमित फेरी वाचते आणि ती माणसे विहिरी व हातपंपांकडे वळवता येतात. ऑक्टोबर ते मे ही आठ महिन्यांची उघडी आभाळे उपग्रहाची. पावसाळ्याचे चार महिने पूर्णपणे बाटलीचे. शिवाय शेवाळाने भरलेल्या गावतलावाशेजारी विहीर असेल, तर ती विहीर तपासणीच्या यादीत वर यायला हवी. उपग्रहाला विहिरीतले नायट्रेट दिसणार नाही, पण आधी कुठल्या विहिरीकडे जावे याचा एक आधार त्याच्या नोंदीत मिळू शकतो.

दुसरा आक्षेप शेतकऱ्यांचा आहे आणि तो भीतीचा आहे. वरून बघणार म्हणजे धुरा पेटवला, तुराट्या-पऱ्हाट्या जाळल्या, की नोटीस येणार. ही भीती निराधार नाही. पंजाब आणि हरियाणात राष्ट्रीय हरित लवादाच्या २०१५ च्या आदेशानंतर पिकांचे अवशेष जाळणाऱ्यांवर दंड सुरू झाला आणि आगी मोजण्याचे काम उपग्रहांकडे गेले. आगी टिपणाऱ्या प्रमुख उपग्रहांची फेरी दुपारी दीडच्या आसपास होते. पुढे अभ्यासकांच्या लक्षात आले, की अनेक ठिकाणी काडी आता फेरी होऊन गेल्यावर, दुपार कलल्यावर लावली जाते. दर काही मिनिटांनी तीच जागा पाहणाऱ्या भूस्थिर उपग्रहांच्या चित्रांत संध्याकाळचा धूर स्पष्ट दिसला. आगींचे आकडे खाली आले होते, पण हवा त्या प्रमाणात सुधारली नव्हती. मोजणीला दंड जोडला की लोक मोजणी चुकवतात आणि मग खरी माहितीही हातची जाते. भारतीय कृषी संशोधन संस्थेच्या यंत्रणेतून ज्या सहा राज्यांतल्या आगींवर रोज नजर ठेवली जाते, त्यांत महाराष्ट्र नाही. म्हणजे आपल्याला पंजाबची चूक टाळून सुरुवात करण्याची संधी आहे. आगीचा ठिपका जिथे दरवर्षी दिसतो, तिथे तलाठ्याने दंडाची पावती घेऊन जाण्यापेक्षा कृषी सहायकाने रोटाव्हेटर किंवा श्रेडर भाड्याने मिळण्याची सोय घेऊन जावे. कुटार जनावरांना चालते, पऱ्हाट्यांचा भुगा करून जमिनीत घालता येतो. त्यासाठी लागणारे यंत्र वेळेवर मिळत नाही म्हणून बहुतेक वेळा काडी लागते.

तिसरा आक्षेप कार्यालयांतून येतो. उपग्रहाच्या चित्राला कायद्यात काय किंमत, आणि हे काम करायला तज्ज्ञ कुठून आणायचे? पहिल्या प्रश्नाचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने दिलेले आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये न्यायालयाने देशातल्या २,०१,५०३ पाणथळ जागांना संरक्षण देण्याचा आदेश दिला. या जागांची यादी उपग्रहांच्या चित्रांवरून, सव्वादोन हेक्टरांहून मोठ्या पाणथळींची नोंद करत तयार झाली होती. एखाद्या कारखान्यावर खटला भरायचा तर नमुनाच लागेल, हे खरेच आहे. पण नमुना कुठे घ्यायचा आणि प्रकार कधीपासून चालू आहे, हे सांगायला चित्र उत्तम पुरावा आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तर वाशिमहून फार लांब नाही. महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र नागपुरात आहे, राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था म्हणजे नीरी नागपुरात आहे, आणि इस्रोच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राची मध्य विभागाची शाखाही नागपुरातच. चित्रे वाचणारे आणि पाणी-हवा तपासणारे असे दोन्ही प्रकारचे जाणकार विदर्भातच आहेत. युरोप आणि अमेरिकेची चित्रे विनामूल्य आहेत, इस्रोची बरीच माहिती भुवन आणि भूनिधी या संकेतस्थळांवर मिळते. खर्च आहे तो माणसाला शिकवण्याचा आणि त्याला जागेवर ठेवण्याचा.

जिल्हाधिकारी कार्यालयात चित्रे वाचणारा एक प्रशिक्षित माणूस असावा. ऑक्टोबर ते मे या काळात त्याने दर पंधरवड्याला मोठ्या जलाशयांची गाळ-शेवाळाची नोंद आणि दर महिन्याला सहाही तालुक्यांच्या हवेचा गोषवारा तयार करावा. एखाद्या जलाशयाचा आकडा त्याच महिन्याच्या मागील वर्षांच्या सरासरीपेक्षा ठळकपणे वर गेला, तर सात दिवसांत तिथला नमुना भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या किंवा जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत पोचलाच पाहिजे, असा नियम असावा. हे काम गावात करायला माणूस आहे. पाण्याच्या स्रोतांचे नमुने भरणारा जलसुरक्षक ग्रामपंचायतीत असतो, आणि जलजीवन मिशनमध्ये संचाने पाणी तपासण्याचे शिक्षण गावातल्या महिलांना दिले गेले आहे. पाण्याच्या स्रोतांची पाहणी करून ग्रामपंचायतीला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड देण्याची पद्धत महाराष्ट्रात आहेच. उपग्रहाची नोंद त्या कार्डाच्या निकषांत धरावी. आणि सर्वांत महत्त्वाचे, हे आकडे मराठीतून ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावेत. जो आकडा फक्त मंत्रालयातल्या पडद्यावर दिसतो, त्याने गावातल्या कुणाच्याही पाण्याचा स्रोत बदलत नाही.

हा आग्रह धरण्याचे कारण न्यायाचे आहे. आज मोजणी तिथे होते जिथे कारखाने, मोठी शहरे आणि आवाज उठवणारी माणसे आहेत. वाशिम आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे. अशा जिल्ह्यातल्या आजाराची नोंद दवाखान्यात होते, पण त्यामागच्या हवेची आणि पाण्याची नोंद पुरेशी होत नाही. चुलीपुढे खोकणारी बाई, क्रशरवर कामाला जाणारा मजूर, हातपंपाचे पाणी पिणारे मूल यांचे त्रास मग नशिबाच्या खात्यावर जमा होतात. उपग्रह नागपूर आणि मानोरा यांत भेद करत नाही, दोन्हीकडे एकाच नजरेने पाहतो. ही समान वागणूक आपल्याला आयती आणि फुकट मिळाली आहे. तिचा उपयोग करून ज्या गावांकडे आजवर कुणी बाटली घेऊन गेले नाही, तिथे माणूस पाठवणे हे जिल्हा प्रशासनाचे कर्तव्य आहे, आणि तो आला का, नमुना कुठे गेला, निकाल काय लागला, हे ग्रामसभेत उभे राहून विचारणे हा प्रत्येक गावकऱ्याचा हक्क आहे. येत्या ऑक्टोबरमध्ये आभाळ उघडेल तेव्हा या कामाला सुरुवात करण्यासाठी नवे यंत्र विकत घेण्याची गरज नाही. जिल्ह्याने तसे ठरवण्याची गरज आहे.